गट पाडून जुळलेली सोयरीक

नाशिक,
बुधवार, सकाळचा चहा झाल्यावर

प्रिय सुनीलराव,

थोरल्या साडूचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (वयाने मी तुमच्याहून नऊ वर्षांनी मोठा, तेव्हा रीतीने आशीर्वाद लिहायला हवा होता, पण आज नमस्कारच बरा. का, ते पुढे कळेल.) तुमचा गुडघा कसा आहे? मनमाडला नळाला पाणी सध्या कितव्या दिवशी येतंय? रोहिणीची साखर जेवणाआधीची आणि जेवणानंतरची, दोन्ही कळवा; मालनला धाकट्या बहिणीची काळजी, रोज विचारते. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत. म्हणजे शरीराने. मनाने मी गेल्या दहा दिवसांपासून असा झालो आहे की परवा चहात साखरेऐवजी मीठ टाकून कप रिकामा केला आणि मालनला म्हणालो, आज चहा फक्कड झाला.

मुद्दा आधीच सांगून टाकतो, कारण मनात ठेवलं की मला पित्त होतं. तुमची यशश्री सुखरूप आहे, हसतीखेळती आहे, जरा जास्तच हसते आहे. पण आपण तिच्यासाठी योजलेला अथर्व नावाचा इंजिनियर मुलगा, ज्याच्या फ्लॅटचे फोटो तुम्ही मोबाईलवरून अख्ख्या कॉलनीला दाखवलेत, त्याच्याशी तिचं लग्न होणार नाही. आणि ज्याच्याशी व्हावं असं तिला वाटतं, तो दिंडोरीकडचा द्राक्षबागाईतदार आहे. झालं. लिहून मोकळा झालो. आता पत्र फाडायच्या आधी एवढं ध्यानात घ्या की तुमच्या होकाराशिवाय इथे सुपारीसुद्धा फुटलेली नाही, आणि या सगळ्याला कारण बीजगणित आहे. ते मला तुमच्याच मुलीने शिकवलं.

तुम्हाला ठाऊकच आहे, माझी शाळा सातवीला सुटली. पुढे सातपूरच्या कारखान्यात लेथवर उभा राहिलो, दुसऱ्याच्या हाताकडे बघून काम शिकलो, मशीनची इंग्रजी पुस्तकं डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली. आकड्यांना मी कधी भ्यालो नाही. पण अक्षरांची बेरीज म्हणजे काय, हे कोडं पन्नास वर्षं सुटलं नव्हतं. यशश्री आमच्याकडे राहायला आली, क्लासमध्ये नववी-दहावीला गणित शिकवू लागली, आणि उद्याचा धडा आज आमच्या हॉलमध्ये फळ्यावर घोटून बघू लागली. समोर विद्यार्थी कोण? मी आणि मालनचा शेंगा सोलायचा डबा. एकाहत्तराव्या वर्षी मला कळलं की अ म्हणजे कोणीही असू शकतो, फक्त एका गणितात तो एकच राहतो. (माणसांनाही हा नियम लावला असता तर निम्म्या भानगडी मिटल्या असत्या.)

महिन्यापूर्वी तिने ‘गट पाडून अवयव काढणे’ हा धडा घेतला. फळ्यावर चार पदं मांडली: अक्ष + बय + अय + बक्ष. म्हणाली, काका, दोन दोनचे गट करा, प्रत्येक गटातलं सामाईक कंसाबाहेर काढा, मग दोन्ही कंसांत तीच माणसं निघाली की झालं. मी पहिल्या दोघांचा गट केला. अक्ष आणि बय. सामाईक काय? काही नाही. दुसऱ्या दोघांचा केला. अय आणि बक्ष. त्यांच्यातही काही नाही. म्हटलं, पोरी, पुस्तकात छापायची चूक आहे. तर तिने शांतपणे दुसरं पद पुसलं आणि तिसऱ्याच्या जागी नेऊन ठेवलं. आता अक्ष आणि अय शेजारी आले, त्यातून अ बाहेर आला. बय आणि बक्ष शेजारी आले, त्यातून ब बाहेर आला. आणि बघतो तर दोन्ही कंसांत क्ष आणि य गुण्यागोविंदाने बसलेले! उत्तर: (अ + ब) गुणिले (क्ष + य). मी आ वासून बघत राहिलो. चाळीस वर्षं समाजाची वधू-वर वही सांभाळलेला माणूस मी. म्हटलं, अगं, पुस्तकाने लावलेली जोडी तू भर फळ्यावर मोडलीस?

“काका, पुस्तकाने जोडी नाही लावली. नुसतं शेजारी बसवलंय.”

हे वाक्य मी त्या दिवशी हसण्यावारी नेलं. सुनीलराव, माणसाने म्हाताऱ्या वयात काही हसण्यावारी नेऊ नये.

आता माझा गुन्हा सांगतो. नवं शिकलेलं माणसाला गप्प बसू देत नाही. सामाईक बाहेर काढायची मला चटकच लागली. भाजी आणायला गेलो तरी मनात गट पाडत होतो. त्याच सुमारास दोन पाहण्याचे कार्यक्रम माझ्या अंगावर आले. एक आपल्या यशश्रीचा आणि अथर्वचा. दुसरा आमच्या वरच्या मजल्यावरच्या स्वानंदीचा. ही मुलगी बँकेत आहे, हुशार, आणि तिच्या घरी रंगकाम चालू, म्हणून तिची आई म्हणाली की काका, तुमचा हॉल द्या. तिच्यासाठी मी वहीतून कुंदन काढला होता. शेतीचं शिक्षण घेतलेला, स्वतःची द्राक्षबाग, निर्व्यसनी. (सोयरीक, गोत, पत्रिका, सगळं आपल्यातलंच, त्या बाबतीत माझ्या वहीला आजवर कोणी नाव ठेवलेलं नाही.) मालन म्हणाली, एक शनिवारी करा, एक रविवारी. मी म्हटलं, अगं, दोन्हींत सामाईक काय आहे बघ! हॉल सामाईक, पोहे सामाईक, सोसायटीच्या खुर्च्या सामाईक, मी सामाईक. सगळं कंसाबाहेर काढ. रविवारी दहाला अथर्वची मंडळी, बाराला कुंदनची, पोहे एकदाच. मालन माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, “तुम्हाला पोह्यांचं कळतं, का बीजगणिताचं? एकाचं तरी नीट कळू द्या.”

रविवारी काय झालं, तर अथर्वची मंडळी द्वारका चौकात अडकली ती पाऊण तास. आणि कुंदनची मंडळी पहाटे पाचला उठणारी. बाराची वेळ म्हणजे अकराला दारात, असा त्यांचा हिशेब, आणि त्या दिवशी तर पावणेअकरालाच आली. दोन गाड्या एकदम आमच्या गेटवर. खुर्च्या आठ, माणसं तेरा. मी जिन्यात उभा राहून दोन्हीकडे ‘या या’ करत होतो. कुंदनबरोबर त्याची आजी होती, लंकाबाई. पंच्याऐंशीची असेल, पण नजर घारीची. तिने आत येताच पंख्याखालची खुर्ची धरली. ती खुर्ची मी अथर्वसाठी ठेवली होती, कारण यशश्री पोह्याचा ट्रे घेऊन आतून येणार ती सरळ तिथेच पोचणार. लंकाबाईला उठवायची माझी काय टाप! नातू तिच्या शेजारी उभा, हातात द्राक्षांची पेटी. अथर्व बिचारा दाराजवळ चपलांच्या रॅकला टेकून.

यशश्री ट्रे घेऊन बाहेर आली आणि ठरल्याप्रमाणे सरळ पंख्याखाली गेली. लंकाबाईने तिला खालून वर न्याहाळलं.

“हीच का पोरगी? लय ग्वाड हाय. काय करती गं?”

“गणित शिकवते, आजी.”

“मंग आमच्या कुंदनला इचार बरं, चार तुकड्यांची मापं घेतो अन् दर साली येगळंच उत्तर काढतो.”

मी मधे पडून सांगणार होतो, की आजी, ही नव्हे, तुम्ही बघायला आलात ती स्वानंदी, ती आत चहा गाळते आहे. पण तेवढ्यात नातूच बोलू लागला. कुंदन म्हणाला, “काही नाही ताई, आमची बाग पाटाच्या एका चारीने आणि एका रस्त्याने कापलीये, चार तुकडे पडलेत. वर आच्छादन टाकायचंय म्हणून मापं घेत होतो.” त्यावर लंकाबाईने त्याच्या पोटरीवर काठी हाणली. “मुडद्या, ताई काय म्हनतो! पाहायला आलाय का राखी बांधायला?” (त्या मुलाचा दोष नाही. त्याने स्वानंदीचा फोटो पाहिला होता. समोरची मुलगी ती नव्हे, हे त्याच्या मंडळींत त्यालाच काय ते समजलं होतं. म्हणूनच तर ताई म्हणाला.)

आणि मग आपल्या मुलीने, सुनीलराव, तिथेच ट्रे टीपॉयवर ठेवला, वाटीतली शेव उचलली आणि रिकाम्या ताटात शेवेच्या दोन रेघा ओढल्या, एक उभी, एक आडवी. “रुंदी काय?” एकीकडे चाळीस मीटर, दुसरीकडे पंचवीस. “लांबी?” साठ आणि तीस. “मग चार वेळा कशाला गुणता? चाळीस आणि पंचवीस, पासष्ट. साठ आणि तीस, नव्वद. पासष्ट गुणिले नव्वद, पाच हजार आठशे पन्नास. एकच गुणाकार.” मी मनातल्या मनात ताडून पाहिलं: चोवीसशे, बाराशे, पंधराशे, साडेसातशे. बेरीज तीच! म्हणजे फळ्यावरचं ते (अ + ब) गुणिले (क्ष + य) दिंडोरीच्या मातीत आयतं आखून पडलेलं होतं आणि मला महिनाभर वाटत होतं की ही नुसती अक्षरं आहेत. त्या आनंदात मी दोन क्षण विसरलो की माझ्या घरात काय चाललं आहे. कुंदनने वाकून ताटातल्या रेघा पाहिल्या. दुसरा असता तर म्हणाला असता, वा मॅडम. हा म्हणाला, “बरोबर आहे. पण रस्ता सरळ असेल तरच. आमचा रस्ता मधे वाकडा आहे, बांधाला वळसा घालतो. मग चारही तुकड्यांत तीच लांबी सापडायची नाही.”

यशश्रीचा चेहरा तेव्हा तुम्ही बघायला हवा होता. चार वर्षं ती शिकवते आहे, आजवर एकाही मुलाने तिला विचारलं नाही की हे कधी जमत नाही. सगळे विचारतात, परीक्षेला येईल का. ती म्हणाली, “हो. मग कंस जुळत नाहीत. मग जागेवर येऊन बघावं लागेल.”

जागेवर येऊन बघावं लागेल! तेरा माणसांसमोर! मुलाने मुलगी बघायला यायचं, पोहे खायचे, निघून जायचं, ही आपली रीत. इथे मुलीने मुलाचा रस्ता बघायला यायचं ठरवलं, आणि तेही दुसरीसाठी आलेल्या मुलाचा! अथर्वच्या आईचा चमचा हवेत राहिला. मी दाराच्या चौकटीला धरलं. आणि अथर्वच्या मनाला लागलं असेल, म्हणून त्याच्याकडे बघतो, तर तो आपल्या जागी नव्हताच. स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून पोह्यातले शेंगदाणे एक एक वेचून बशीच्या कडेला लावत होता, आणि स्वानंदी, हातात चहाची किटली, त्याला विचारत होती, “हे टाकणार आहेस का? मग इकडे दे.” आणि त्याने दिले. सुनीलराव, त्याने ते शेंगदाणे दिले! मी वही उघडली. वहीत स्पष्ट लिहिलेलं होतं: यशश्री–अथर्व, स्वानंदी–कुंदन. माझ्याच अक्षरात. आणि मला कळून चुकलं की मी चाळीस वर्षं शेजारी शेजारी नावं लिहीत आलो, त्यालाच जोड्या म्हणत आलो.

पुढचं थोडक्यात. अथर्वच्या आईने चार दिवस अबोला धरला, पाचव्या दिवशी स्वानंदीच्या आईला फोन करून तिची पत्रिका मागवली. यशश्रीने मालनला बरोबर घेऊन दिंडोरी गाठली. (एकटी गेली नाही, काळजी नसावी. मी मुद्दाम गेलो नाही. मी गेलो की काहीतरी सामाईक काढतो.) दिवसभर टेप घेऊन तो वाकडा रस्ता मोजला. कुंदन एक टोक धरून उभा, ही दुसरं. मालन सांगते, दोघांनी तीन वेळा मापावरून भांडण केलं आणि तिन्ही वेळा कुंदनने पुन्हा मोजून बघितलं. दोनदा तिचं बरोबर, एकदा त्याचं. संध्याकाळी आली ती चपलांना चिखल, केसांत द्राक्षाची पानं, आणि लंकाबाईच्या हातच्या तीन भाकरी खाऊन. आमच्याकडे अर्धी पोळी उष्टी टाकणारी मुलगी! मी विचारलं, निघाला का अवयव? म्हणाली, “नाही काका. थोडं उरतंच. तेवढं तसंच ठेवायचं ठरलंय.”

मग मी तिला तुमची आठवण करून दिली. तुम्ही वर्षापूर्वी मला लिहून पाठवलेली अट काढून दाखवली: शेतकरी नको, खेडं नको, एकत्र कुटुंब नको, उन्हातान्हाचं काम नको. तिने काय करावं? पेन घेतलं, चारही ‘नको’ मिळून एकच ‘नको’ बाहेर काढला आणि आत कंस घातला. शेतकरी अधिक खेडं अधिक एकत्र कुटुंब अधिक उन्हातान्हाचं काम. (वजा बाहेर आला की आतली सगळी चिन्हं बदलतात. मी हे पहिल्या दिवशी विसरलो होतो आणि दोन कंस जुळेनात म्हणून फळ्याला शिव्या घातल्या होत्या.) म्हणाली, “काका, कंसात बघा, किती छान घर दिसतंय. बाहेरचा एक ‘नको’ तेवढा बाबांचा आहे. तो मी पुसणार नाही. त्यांनीच पुसायचा.” आणि मग, इतका वेळ हसणारी ती, फळ्याकडे तोंड करून रिकामाच फळा पुसत राहिली. तुमच्या शब्दाबाहेर ती जाणार नाही, सुनीलराव. तेच मला जास्त लागलं. पळून जाणारी असती तर मी तिला रागावलो असतो.

तुमची भीती मला कळते. मुलीच्या पायाला चिखल लागू नये म्हणून तुम्ही बदल्या, रात्रपाळ्या, काय काय सोसलंत. पण ती तिथेही शिकवणारच आहे, गावातल्या मुलांचा क्लास घ्यायला कुंदनच्या घरातली पुढची खोली आत्ताच रिकामी केली आहे (होकार यायच्या आधी, शेतकरी माणूस, पाऊस यायच्या आधी नांगरतो). घरात नऊ माणसं आहेत, पण पाणी घरचं आहे, मनमाडकराला याहून जास्त काय सांगू? आणि तुम्ही तर तीस वर्षं रेल्वेच्या यार्डात डबे तोडले आणि जोडले. जो डबा ज्या गाडीला लागून आला त्याच गाडीला राहायचा असता, तर मनमाडला जंक्शन कशाला लागलं असतं? तुम्ही डबा तोडलात म्हणून कधी डब्याचा अपमान झाला नाही. तो ज्या गावाला जायचा त्या गावाला गेला.

माझा अपराध मी कबूल करतो. पोहे एकत्र करायला नको होते. मुलगी तुमची, शब्द तुमचा. नाही म्हणालात तरी मी राग धरणार नाही. फक्त तिला सांगायला मला पाठवू नका. रोहिणीला माझे आशीर्वाद, गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा, अजून धक्क्यातून न सावरलेला,
पुंजाराम

ता.क. वरचं सगळं मालनला वाचून दाखवलं. ती म्हणते, तुम्ही जिथे जिथे धक्का बसला म्हणून लिहिलंय, तिथे ‘मला एकट्याला’ असं घाला. बाकी सगळ्यांना म्हणे पोहे संपायच्या आत कळलं होतं. लंकाबाईला तर ट्रे खाली ठेवायच्या आधी.

पुन्हा ता.क. मालनने आणखी एक आठवण करून दिली, लिहू की नको असं होतंय, पण लिहितोच. रोहिणीला बघायला पस्तीस वर्षांपूर्वी जो मुलगा आला होता, तो तुम्ही नव्हतात. तुम्ही त्याच्याबरोबर सोबतीला आलेले मित्र होतात. वहीचं ते पान माझ्याकडे अजून आहे. त्यावर तुमचं नाव नाही.

शेवटचं ता.क. हे पत्र पोस्टाने पाठवलेलं नाही, उत्तराला उशीर नको म्हणून. ज्याने तुम्हाला लिफाफा दिला, तो कुरिअरवाला नव्हे. ओळख सांगायची नाही अशी शपथ मीच त्याला घातली आहे, कारण आधी तुम्ही त्याला बघावं आणि मग नाव ऐकावं, असं मला वाटलं. मी लांबड लावली आहे आणि तुम्ही सावकाश वाचणारे. म्हणजे तो अजून तुमच्या पायरीवर असेल. हातात द्राक्षांची पेटी असेल. ती खाली ठेव, असं कोणी म्हटल्याशिवाय तो ठेवत नाही. आमच्याकडे वीस मिनिटं धरून उभा होता.